उल्काताईंची ‘नाही’ची पत्रं

आमच्या शाळेत प्रवेश मिळवायचा तर मुलाला गाता, वाजवता, नाचता किंवा नाटक करता यावं लागतं, आणि त्यानंतर उल्काताईंच्या टेबलावरून पुढे सरकता यावं लागतं. यातलं दुसरं जास्त कठीण, असं सगळे शिक्षक म्हणतात. मी तर म्हणतोच.

शाळेचं नाव हेझलकोर्ट. वायव्य लंडनमध्ये, मेट्रोपॉलिटन लाइनच्या एका स्टेशनापासून चालत सात मिनिटांवर. सोळा ते एकोणीस वयाची मुलं, फी नाही, अर्धा दिवस कला आणि अर्धा दिवस अभ्यास. त्या अभ्यासातलं गणित माझ्याकडे. मी परीक्षित, मूळ नागपूरचा. या देशात गणिताचे शिक्षक मिळेनात म्हणून सहा वर्षांपूर्वी मला व्हिसा देऊन आणलं आणि नेमलं ते नाचगाण्याच्या शाळेत. लग्नाच्या पंगतीत पथ्याचं जेवण वाढायला उभं करावं, तसा मी तिथे उभा असतो. मुलं सभ्य आहेत, पानातलं संपवतात, पण त्यांचं लक्ष जिलबीकडे असतं.

उल्काताई आमच्या ॲडमिशन्स ऑफिसर. वय चौपन्न, उंची बेताची, आवाज अजिबात बेताचा नाही. जन्म ग्लासगोचा; वडील मिरजेहून तिथल्या हॉस्पिटलात गेलेले डॉक्टर. त्यामुळे ताईंचं इंग्रजी पक्कं स्कॉटिश आणि मराठी आईच्या स्वयंपाकघरात शिकलेलं. त्या मराठीत खुर्ची ‘तो’ असतो, फाईलही ‘तो’ असतो, आणि कुणी सुधारायला गेलं तर ‘समजलं ना तुला? मग झालं’ एवढं ऐकून परत यावं लागतं. लग्नानंतर त्या लंडनला आल्या. यजमान यतीन रेल्वेत सिग्नलचे इंजिनिअर. ‘मी गाड्या थांबवतो, ही मुलं थांबवते,’ असं ते पार्ट्यांमध्ये सांगतात आणि ताई त्यांच्याकडे अशा बघतात की ते लगेच समोशाकडे वळतात.

एकोणीस वर्षं त्या या टेबलावर आहेत. ही गोष्ट लंडनच्या मराठी मंडळींत सर्वांना ठाऊक आहे आणि त्याचा ताईंना मनस्वी त्रास होतो. गणपतीच्या आरतीला उभ्या असल्या तरी शेजारची बाई हळूच विचारते की आमच्या तनूचं कथक चांगलं आहे, काही होईल का. ताई टाळ्या वाजवता वाजवता म्हणतात, ‘ऑफिस नऊ ते साडेचार.’ बाई दुखावते. प्रसाद घेताना बोलत नाही. ताईंना त्याचं काही वाटत नाही, असं मी बरीच वर्षं समजत होतो.

आपल्या पालकांचा पहिला प्रश्न नेहमी एकच असतो: नाचगाणं ठीक आहे, पण ॲकॅडेमिक्स कसे आहेत? ताई निकालाचा कागद पुढे सरकवतात. पालक तो ताटातला खडा शोधावा तसा तपासतात. मग दुसरा प्रश्न, जरा खालच्या आवाजात: तुम्ही आपल्याच ना, जरा लक्ष असू द्या. हा प्रश्न आला की ताई पेन उचलतात आणि त्या मुलाच्या फाईलमध्ये तारीख घालून लिहितात: अमुक वाजता वडिलांचा फोन, ओळखीचा उल्लेख केला. लिहिताना समोरच्याला वाचूनही दाखवतात. अशा बाईला चारचौघांत कोण गोड म्हणणार?

मीही म्हणत नव्हतो. कामाच्या बाबतीत त्या मला नेहमी जरा जास्तच ताणणाऱ्या वाटायच्या. उदाहरणच द्यायचं तर पत्रं. दरवर्षी मार्चमध्ये प्रवेशाची पत्रं जातात. शंभरेक ‘हो’ची आणि सहाशेच्या वर ‘नाही’ची. ‘हो’चं पत्र ताई एकदा वाचतात आणि पाठवतात. ‘नाही’चं पत्र पाठवण्याआधी त्या मुलाची सगळी फाईल काढतात, परीक्षकांचे शेरे वाचतात आणि त्यातून एक खरं, चांगलं वाक्य शोधून पत्रात घालतात. तुझ्या डाव्या हाताचा ठेका आम्हाला आवडला. तुझा थांबण्याचा अंदाज छान आहे. सहाशे मुलांसाठी सहाशे वेगळी वाक्यं. शाळेने त्यांना एकदा सुचवलं की कॉम्प्युटरवर एक नमुना करू. ताईंनी तो नमुना वाचला आणि कचऱ्याच्या पेटीत टाकला.

यंदाच्या मार्चमध्ये, बुधवारी दुपारी, माझा तास संपल्यावर त्यांचा निरोप आला: वर ये. मी गेलो. टेबलावर एक फाईल उघडी होती. उमेदवार क्रमांक दोनशे चौदा. आमच्याकडे परीक्षकांना नाव कळत नाही, फक्त क्रमांक. पण दोनशे चौदा मला आठवत होती. वेम्बलीची सोळा वर्षांची मुलगी; अक्षरा हे नाव मला आत्ता फाईलवरून कळलं. चेहऱ्यावरून आणि उच्चारांवरून मराठी असल्याचं मी पहिल्या मिनिटाला ओळखलं होतं, आणि ओळखलंय हे चेहऱ्यावर येऊ नये म्हणून पूर्ण वेळ खाली मान घालून टिपणं काढत बसलो होतो.

ऑडिशनला तीन परीक्षक असतात: संगीत विभागाच्या प्रमुख ग्वेन, खंजिरीपासून ड्रमपर्यंत सगळं वाजवणारा एक तरुण शिक्षक, आणि अभ्यासाच्या बाजूचा एक जण, म्हणजे मी. टिपणं मी लिहायची असा रिवाज. अक्षरा भूप गायली. तानपुरा फोनवर लावला होता. काय गायली ते मला शास्त्रातलं सांगता येणार नाही, पण माझ्या हातातलं पेन मध्येच थांबलं होतं एवढं खरं. नंतर ग्वेननी फॉर्मवरचा प्रश्न विचारला: यातलं तुझं स्वतःचं किती? अक्षराने पटकन कानाच्या पाळीला हात लावला आणि म्हणाली, माझं काहीच नाही, सगळं माझ्या सुनीतीताईंचं आहे. ग्वेननी पुन्हा विचारलं, काहीच नाही? मुलगी म्हणाली, काहीच नाही.

फॉर्मवर चार रकाने होते, प्रत्येकी दहा गुणांचे. तिसरा रकाना स्वतःच्या निर्मितीचा. तिघांनीही तिथे शून्य दिलं. एकूण पंचवीस झाले. यंदाची प्रवेशाची रेषा एकोणतीसला होती.

‘हा अक्षर तुझा आहे ना?’ ताईंनी टिपणावर बोट ठेवलं.

मी हो म्हटलं.

‘ती कानाला हात लावला, असं तूच लिहिला आहेस. त्याचा अर्थ तुला माहीत होता?’

माहीत होता. आमच्या नागपूरच्या शेजारी एक बासरीवाले राहायचे. गुरूंचं नाव घेताना त्यांचा हात आपोआप कानाकडे जायचा. त्यांना कुणी वाहवा दिली की म्हणायचे, माझं काय आहे, सगळं त्यांचं. त्या संध्याकाळी त्यांनी काय वाजवलं ते त्यांच्या गुरूंनी जन्मात ऐकलेलं नसायचं. या माणसांना ‘हे माझं’ म्हणायला सांगणं म्हणजे थोरामोठ्यांच्या पुढ्यात पाय पसरून बसायला सांगणं. हे त्या खोलीत मला एकट्याला माहीत होतं. दोन वाक्यांत ग्वेनना सांगता आलं असतं.

‘मग सांगितलं का नाहीस?’

मी आधी नियमांचं काहीतरी बोललो. मग खरं ते सांगून टाकलं. भीती वाटली. मराठी मुलगी, मराठी मास्तर. मी तोंड उघडलं असतं तर आपल्या माणसाची बाजू घेतली असं त्यांना वाटलं असतं. म्हणून मूग गिळून बसलो आणि सगळ्यांत आधी शून्य मीच लिहिलं. हे बोलताना मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी खिडकीबाहेरच्या सायकलींकडे बघत बोललो.

मला वाटलं ताई फाडून खातील. त्या उठल्या, किटली लावली आणि मला चहा दिला. मग त्यांच्या ग्लासगोच्या दिवसांतली एक गोष्ट सांगितली, जी त्यांनी शाळेत कुणालाच सांगितली नव्हती. सतराव्या वर्षी त्यांनी एका संगीत महाविद्यालयात ऑडिशन दिली होती. आईकडून शिकलेलं गाणं गायल्या. घरी पत्र आलं, एका ओळीचं: निवड झालेली नाही. कशामुळे, कुठे कमी पडलं, काहीच नाही. त्यानंतर त्या गायल्या नाहीत. आईने दोन-तीन वर्षं आग्रह केला, मग तिनेही सोडून दिलं. ‘मी चांगला गात होते का वाईट, ते मला अजून माहीत नाही,’ ताई म्हणाल्या.

आता पुढे काय, हा प्रश्न होता. पत्रं शुक्रवारी पाच वाजता जाणार होती. ताईंच्या हातात गुण बदलण्याचा अधिकार नाही, आणि असता तरी त्यांनी बदलले नसते. शिवाय त्याच फाईलमध्ये पहिल्या पानावर त्यांच्याच हाताची नोंद होती: नोव्हेंबर, वडील विनय यांचा फोन, ‘आपली मुलगी आहे, लक्ष ठेवा’ असे म्हणाले. शाळेच्या नियमांत एकच वाट होती. परीक्षकाला आपल्या हातून प्रश्न नीट पोचला नाही असं वाटलं, तर पत्रं जाण्याआधी त्याने तसं लेखी द्यावं, उमेदवाराला पुन्हा बोलावता येतं. म्हणजे लिहायचं मी. चूक माझी, सही माझी, आणि ती कायम माझ्याही फाईलमध्ये राहणार.

ताईंनी मला लिहायला सांगितलं नाही. त्यांनी फक्त कोरा कागद पुढे ठेवला आणि त्याच्या शेजारी आणखी दोन फाईली. एक ईस्ट हॅमच्या तमिळ मुलीची, भरतनाट्यमची. दुसरी गांबियाहून आलेल्या घरातल्या मुलाची. तो बापाकडून शिकलेलं तंतुवाद्य वाजवायचा. दोघांच्या टिपणांत, तीही माझ्याच अक्षरातली, तेच वाक्य होतं: सगळं गुरूंचं, सगळं वडिलांचं, माझं काही नाही. दोघांना तिथे शून्य. सकाळपासून न जेवता ताईंनी सातशे फाईली चाळून या दोन शोधल्या होत्या. एकट्या मराठी मुलीसाठी त्या हे दार उघडणार नव्हत्या. उघडायचं तर तिघांसाठी.

मी लिहिलं. चार वेळा खाडाखोड केली, पण लिहिलं. ताई तो कागद आणि विनयरावांच्या फोनची नोंद, दोन्ही घेऊन ग्वेनकडे गेल्या. मी पाठीमागे उभा होतो. त्यांनी आधी नोंद दाखवली, आपणही याच समाजातल्या आहोत हे सांगितलं, मग कागद दिला. ग्वेन वेल्सच्या, चर्चच्या कॉयरमध्ये वाढलेल्या, तशा मऊ स्वभावाच्या. पण त्या दिवशी त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी तो प्रश्न फॉर्मवर स्वतः घातला होता, नऊ वर्षांपूर्वी. मुलांनी इंटरनेटवरून उचललेलं गाऊ नये म्हणून.

शुक्रवारी दुपारी दोन वाजल्यापासून तिघांना बोलावलं. अक्षरा शेवटची, तीन वाजता. ताईंना खोलीत बसता येत नाही, त्या आपल्या ऑफिसात होत्या. ग्वेनच्या हातात पहिल्या ऑडिशनचं रेकॉर्डिंग होतं आणि त्यावरून त्यांनी सुरांची यादी उतरवून ठेवली होती. त्या अक्षराला म्हणाल्या की गेल्या वेळी जे गायलीस तेच, जसंच्या तसं गा.

अक्षराने सूर लावला. पहिल्या चार ओळी तशाच आल्या. ग्वेनचं बोट कागदावरून पुढे सरकत होतं. मग ते अडखळलं, मागे गेलं, पुढे गेलं, आणि थांबलं. गाणं कागद सोडून केव्हाच निघून गेलं होतं. मुलगी डोळे मिटून वेगळ्याच वाटेने वर चढत होती. ग्वेननी कागद उलटा ठेवला आणि नुसत्या ऐकत राहिल्या. संपल्यावर त्यांनी शांतपणे सांगितलं की हे गेल्या वेळचं नाही.

अक्षरा घाबरली. माफी मागत म्हणाली की तेच गायचा प्रयत्न केला, पण पुन्हा तसं येत नाही, दर वेळी वेगळं होतं. ग्वेननी विचारलं, मग हे आत्ताचं तुला कुणी शिकवलं? मुलीचा हात कानाकडे निघाला आणि अर्ध्यावर राहिला. अखेर म्हणाली, हे कुणीच नाही, हे आत्ता आलं.

तिसऱ्या रकान्यात ग्वेननी नऊ लिहिले. ड्रमवाल्यानेही नऊ. मी आठ, कारण मी गणिताचा माणूस आहे आणि दोन नऊ मला पुरेसे वाटले. पण नियम नियमच: गुण धरायचे तर उमेदवाराने फॉर्मवर स्वतःच्या हाताने लिहायला हवं की यातली निर्मिती माझी आहे, आणि सही करायला हवी. चारच्या आत. आधीच्या दोघांनी लिहून दिलं होतं. तमिळ मुलगी रडली, मग लिहिलं. तो मुलगा वडिलांना विचारूनच आला होता.

मी अक्षराला घेऊन ताईंच्या ऑफिसात आलो. भिंतीवरच्या घड्याळात तीन पंचवीस झाले होते. ताईंनी फॉर्म पुढे ठेवला, पेन दिलं. मुलीने वाचलं आणि पेन खाली ठेवलं. मी समजावलं, बरंच समजावलं. ती मान हलवत राहिली. मराठी तिचं तुटकं होतं, इथेच जन्मलेली. पण म्हणाली ते स्पष्ट होतं.

‘सुनीतीताई मला सहा वर्षांची असल्यापासून शिकवतात. चर्चच्या हॉलमध्ये, दर सॅटरडे. त्यांच्याकडून एवढं घेतला आणि वर माझं लिहू? प्रवेश नाही मिळालं तर चालेल मला.’

तिला खरोखरच चाललं असतं. तिच्या चेहऱ्यावर हट्ट नव्हता, नुसतं दुःख होतं. मला रागही आला आणि तिच्याबद्दल मानही वाटला. तीन पस्तीस. मी ताईंकडे पाहिलं. म्हटलं आता या काहीतरी दणकून बोलतील.

ताईंनी एवढंच विचारलं की सुनीतीताईंचा नंबर आहे का. मुलीने फोन लावला आणि ताईंच्या सांगण्यावरून टेबलावर ठेवला, सगळ्यांना ऐकू येईल असा. पलीकडून एका म्हाताऱ्या बाईंचा आवाज आला. मागे कुकरची शिट्टी होत होती. अक्षराने सगळं सांगितलं, अर्धं इंग्रजीत, अर्धं हुंदक्यांत. पहिल्या वेळचं, आजचं, फॉर्मचं. सांगून झाल्यावर पलीकडे सुनीतीताईंनी गॅस बंद केल्याचा आवाज आला.

‘अक्षरा, आज काय गायलीस?’

‘भूप.’

‘ते समजलं गं. त्यात पुढे काय केलंस, जे तिथे वेगळं आलं? ते मी ऐकलंय कधी?’

मुलगी विचार करून नाही म्हणाली.

‘मी ऐकलेलंसुद्धा नाही, आणि तू माझ्या नावावर लिहितेस? उद्या कुणी मला ते गायला सांगितलं तर मी काय करू?’ आवाज करडा होता, पण त्यातलं हसू लपत नव्हतं. ‘मी शिकवलं ते माझं. त्याच्यापुढे गेलीस ते तुझं. चाळीस वर्षं शिकवतेय, पुढे जाणारी तीनच मिळाली. मला माझी तिसरी लपवून ठेवायची नाही. लिही, आणि मग मला ऐकव.’

अक्षराने लिहिलं. तीन ओळी, खाली सही. ताईंनी शिक्का मारला, वेळ घातली: तीन एकावन्न. मग त्या उठल्या, ऑफिसचं दार लावून घेतलं आणि टेबलावरच्या शाळेच्या फोनचा रिसीव्हर काढून बाजूला ठेवला. एकोणीस वर्षांत कामाच्या वेळात तो फोन त्यांनी असा कधी ठेवला नव्हता.

‘आता गा,’ त्या म्हणाल्या.

मुलगी गायली. उभ्या उभ्या, फाईलींच्या कपाटाला टेकून, तानपुऱ्याशिवाय, टेबलावरच्या आपल्या फोनकडे तोंड करून. पुन्हा वेगळंच आलं. सुनीतीताई पलीकडून मध्येच ‘हं’ म्हणत होत्या. मग एके ठिकाणी अक्षरा एका सुरावर रेंगाळली, आणि मला दुसरा एक आवाज ऐकू आला, अगदी हलका, तिच्या खालून चाललेला. मी आधी फोनकडे पाहिलं. मग उल्काताईंकडे. त्या खिडकीकडे तोंड करून, हाताची घडी घालून उभ्या होत्या, आणि षड्ज धरून होत्या.